तंबाखूच्या पंगतीत आइसक्रीम

बी. कॉम. झालेल्या माणसाने सासुरवाडीला फार जपून राहावं. डॉक्टर जावई आला की लोक जीभ दाखवतात, मी गेलो की नोटिसा दाखवतात. मी बँकेत कारकून आहे, गेली वीस वर्षं ‘सही जुळत नाही’ हे एकच वाक्य निरनिराळ्या आवाजांत म्हणतो आहे, आणि करकायद्याशी माझा संबंध पेपरात पास होण्यापुरताच आला, हे मी तिथे अनेकदा सांगून पाहिलं. ‘दाजींना मोठेपणा नको असतो,’ असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

माझा मेहुणा तासगावला आइसक्रीम करतो. कारखाना म्हणायचा तर म्हणा. एक पत्र्याची शेड, तीन फ्रीझर, चार माणसं आणि पाचवा तो. सासऱ्यांनी लाकडी बादलीत बर्फ आणि मीठ घालून, हाताने दांडा फिरवून हा धंदा सुरू केला. सासरे माळकरी. जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. या खांडाचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

2017 च्या जुलैत जीएसटी आला. लहान धंदेवाल्याला हिशेबाचा जाच नको म्हणून त्यात कंपोझिशन नावाची सोय होती. उलाढालीवर ठरावीक टक्का भरायचा आणि मोकळं व्हायचं. माल तयार करणाऱ्याला तो आधी दोन टक्के होता, 2018 च्या जानेवारीपासून एक झाला. अट एवढीच की गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही, कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मागायची नाही, आणि दुकानाच्या पाटीवर आपण कंपोझिशनवाले आहोत असं लिहायचं. मी म्हटलं, ‘ही तुझ्यासाठीच केली आहे.’ मेहुण्याने लगेच पाटी रंगवून घेतली. पाटी वाळल्यावर मी अधिसूचना वाचली. आमच्या घरात या क्रमालाच तज्ज्ञाचा सल्ला म्हणतात.

ही सोय कुणाला मिळणार नाही त्यांची त्यात एक यादी होती. फार नाही, तीनच ओळी. पहिली ओळ : आइसक्रीम आणि इतर खाण्याजोगा बर्फ, त्यात कोको असो वा नसो. दुसरी : पानमसाला. तिसरी : तंबाखू.

‘दाजी, मी कोको घालत नाही,’ मेहुणा म्हणाला.

‘असो वा नसो, म्हटलंय.’

‘आणि आपल्या शेजारी पानमसाला?’

‘शेजारी नव्हे, खाली. पहिला नंबर तुझाच आहे,’ मी धीर दिला.

तो भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘कर घ्या हो. पण पंगत तरी बरी द्या.’

कर काही थोडाथोडका नव्हता. आइसक्रीमवर अठरा टक्के. शेजारच्या शेडमधला फरसाणवाला कंपोझिशनमध्ये जाऊन एक टक्का भरायचा आणि दुपारी झोपायचा. पलीकडची गवळण सुटं दूध, दही, ताक विकायची, तिला करच नाही. म्हणजे दूध पातळ असेपर्यंत सरकारची काही तक्रार नव्हती. ते विरजून घट्ट झालं तरी नव्हती. गोठून घट्ट झालं की मात्र ते थेट तंबाखूच्या ओळीत जाऊन बसायचं. 2019 च्या एप्रिलपासून माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वीस लाखांवरून चाळीस लाखांवर नेली. मेहुण्याची उलाढाल अठ्ठावीस लाख. तो फोनवर नाचला. मी पुन्हा वाचलं. त्यातूनही तीच तिघं वगळली होती.

आता तुम्ही म्हणाल, यात कोर्टात जाण्यासारखं काय आहे? मलाही तसंच वाटायचं. पण अशा खटल्यांत भांडण कराचं नसतंच. भांडण असतं ते ‘मी लहान आहे की नाही’ याचं. आमच्या बँकेत येणारा माणूस कर्जाच्या अर्जात आपला धंदा असा फुगवतो की मॅनेजरने उठून उभं राहावं, आणि तोच गृहस्थ करखात्याच्या दारात अंग चोरून इतका बारीक होतो की फटीतून आत जावा. मेहुणा बिचारा खराच लहान होता, आणि तेच त्याला कुणी मान्य करीत नव्हतं.

त्याने वकील गाठला. वकिलाने फी सांगितली. कंपोझिशन मिळाली असती तर वर्षाला अठ्ठावीस हजार भरावे लागले असते. ती मागण्याची फी त्याहून जास्त होती. तेवढ्यात कळलं की दिल्लीच्या लहान आइसक्रीमवाल्यांची संघटना तिथल्या उच्च न्यायालयात गेली आहे. त्या दिवसापासून मेहुणा दिल्लीकडे तोंड करून चहा पिऊ लागला.

मधे 2020 चा उन्हाळा गेला. लग्नं नाहीत, जत्रा नाही, शाळेपुढे पोरं नाहीत. विक्री शून्य, पण फ्रीझर चालू, विजेचं बिल चालू आणि ‘विक्री शून्य’ हे कळवणारं विवरणपत्रही चालू.

9 फेब्रुवारी 2021 ला निकाल लागला. मेहुण्याने तो कुठून तरी ऐकला आणि गल्लीभर फुकट कप वाटले. मी रात्री पोचलो तेव्हा माझ्या वाट्याला फक्त निकालाची प्रत आली होती. सरकार पक्षाचं म्हणणं असं की, आइसक्रीमचा मुख्य जिन्नस दूध, त्यावर कर नाही. त्यात कंपोझिशन दिली तर तिजोरीत काय उरणार? न्यायालयाने कलम रद्द केलं नाही की यादीही फाडली नाही. जिन्नसांवरचा कर बघा, तशाच इतर मालाला ही सोय मिळते का तेही बघा, आणि जीएसटी परिषदेने पुनर्विचार करावा, असं सांगितलं.

‘म्हणजे जिंकलो ना, दाजी?’

‘पुनर्विचार’ हा शब्द आमच्या बँकेत कुठल्या कर्जअर्जांवर पडतो, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, ‘जवळजवळ.’

2022 च्या एप्रिलपासून यादी लांबली. गॅस भरलेलं पाणी 2019 मध्येच येऊन बसलं होतं, आता विटा आणि कौलंही आली. आइसक्रीम होतं तिथेच. ‘पंगत वाढली, माणसं बरी आली,’ मेहुणा म्हणाला. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून आइसक्रीमवरचा कर अठराचा पाच झाला, तेव्हा त्याने मला घरी बोलावून आंब्याचा कप दिला. यादीचं त्याने विचारलं नाही, मीही काढलं नाही.

शेडमधून निघताना दारावर लक्ष गेलं. ती वाळलेली पाटी त्याने फुकट जाऊ दिली नव्हती. उलटी करून, मागच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहून, वडिलांच्या फोटोखाली ठोकली होती :

‘येथे पान, तंबाखू खाण्यास सक्त मनाई आहे.’