साल दोन्हीकडची

कबनूरच्या आमच्या गच्चीवर एका कुंडीत नांद्रुकची पाच रोपे खोडाला खोड लावून बांधली आहेत. जाड बुंध्यासाठी बोन्साय करणारे असेच करतात. वड, पिंपळ, नांद्रुक यांची एकाच जातीची खोडे वाढताना एकमेकांवर दाबली जातात आणि हळूहळू एकजीव होतात. तार सालीत रुतते, म्हणून आम्ही मागाच्या चिंध्या वापरल्या.

आंब्याचे भेटकलमही असेच. रोपाची आणि झाडाच्या फांदीची, दोन्हीकडची साल थोडी काढून आतले हिरवे थर भिडवतात. एकाचीच साल काढली, तर नुसती जखम होते, जोड लागत नाही.

पुढच्या महिन्यात पुतण्याचा निकाह आहे. "नवी सून आपल्यात रुळेल," असे जो तो म्हणतो. रुळायचे मात्र तिनेच! म्हणून आम्ही घरात बसून ठरवले: तिची नोकरी चालू राहील, सकाळचा चहा-नाश्ता पुतण्या करील, ईदचा दुसरा दिवस तिच्या माहेरचा. भाभींना हे जड गेले, पण त्यांनी मान्य केले.

आणि हो, बांधलेली चिंधी वेळेवर सैल करावी लागते. नाहीतर खोडावर कायमचे वळ राहतात. अल्लाह आम्हांला तेवढी समज देवो.