पदकाची अट

विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळते एकाला, त्यावर नाव असते दुसऱ्याचे. पदवी परीक्षेत अमुक विषयात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ पदक, ही महाराष्ट्रातल्या जुन्या विद्यापीठांची रूढ पद्धत. देणगीदार काही रक्कम विद्यापीठाच्या हवाली करतो, ती ठेव म्हणून गुंतवली जाते आणि व्याजातून दरवर्षी पदक निघते. पैशांबरोबर एक अटही येते : विषय कोणता, पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणे गरजेचे की नाही, अमुक जिल्ह्यातलाच विद्यार्थी हवा का, मुलगीच हवी का. पदक कोणाच्या गळ्यात पडणार हे निम्मे परीक्षा ठरवते आणि निम्मे ही अट.

प्रस्तुत लेखिकेला २००४ साली बी.एस्सी.ला संख्याशास्त्रात असे एक पदक मिळाले. विद्यापीठाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. अट होती ‘विद्यार्थिनींमधून प्रथम’. सर्व विद्यार्थ्यांत लेखिका तिसरी होती. पण घरी, गल्लीत, कॉलेजच्या फलकावर ‘युनिव्हर्सिटीत पहिली’ असेच झाले. पहिले काही दिवस दुरुस्ती करून पाहिली. मग पेढ्यांचे बॉक्स घेऊन आलेल्या मावशीला संख्याशास्त्र समजावत बसण्यात अर्थ नाही हे लक्षात आले आणि दुरुस्ती थांबली.

पदक निळ्या मखमलीच्या डबीत आले. दर्शनी बाजूला देणगीदाराच्या दिवंगत पत्नीचे नाव ठळक कोरलेले, मागे बारीक अक्षरांत लेखिकेचे. त्यात आडनावातल्या ‘ळ’चा ‘ल’ झालेला. चांदीवर सोन्याचा मुलामा आहे, हे सोनाराकडे नेल्यावर कळले. देणगीदार निवृत्त शिक्षक होते. कॉलेजच्या सत्कारात ते पहिल्या रांगेत बसले होते. लेखिका पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “पुढे शिकणार ना, बाळ? की लग्न?” त्यांच्या पत्नीला सातवीनंतर शाळेतून काढले होते, हे नंतर प्राचार्यांकडून समजले. ‘विद्यार्थिनींमधून’ हा शब्द अटीत का होता, त्याचा उलगडा तेव्हा झाला.

विद्वत्तेची पारख करून तिला पैशांनी गौरवण्याची प्रथा पुण्याच्या भागात विद्यापीठांहून जुनी आहे. पुण्यापासून फार लांब नसलेल्या तळेगावात सेनापती खंडेराव दाभाडे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. १७३१ साली पेशव्यांशी झालेल्या डभईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्रिंबकराव पडला. त्यानंतर हा उपक्रम पेशव्यांनी पुण्याला आणला. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाच्या आवारात दक्षिणा वाटली जाई. विद्वानांना त्यांच्या विद्येप्रमाणे रक्कम कमी-जास्त मिळे. ब्राह्मण असण्याची अट मात्र पहिली, विद्या त्यानंतर. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी हा खर्च एकदम बंद केला नाही, वळवला. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, पुढे त्याच निधीतून मराठी पुस्तकांना बक्षिसे मिळू लागली आणि पदवीधरांसाठी दक्षिणा फेलोशिप आली. नाव जुनेच राहिले, अट बदलत गेली. फर्ग्युसनमधून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालेल्या इरावती कर्वे यांना हीच फेलोशिप मिळाली, आणि तिच्या आधारे त्या मुंबईत गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकायला गेल्या. रमण्यात ज्या दक्षिणेच्या रांगेत बाईला जागा नव्हती, तिच्यावर एका बाईने मानववंशशास्त्राची वाट धरली. या विषयात याहून सुंदर उलटफेर दुसरा नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि पुण्याची कॉलेजे त्याच्या छत्राखाली आली. नावाची पारितोषिके तेव्हापासून रुळली. रेल्वे अभियंता जेम्स बर्कली याच्या नावाचे पारितोषिक अभियांत्रिकीत पहिल्या येणाऱ्याला मिळे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ साली ते मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढच्याच वर्षी ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. पहिला नंबर आणि नोकरी यांच्यात तेव्हा फारसे अंतर नव्हते.

मुलींच्या बाबतीत ते अंतर भलतेच मोठे होते. डेक्कन कॉलेजच्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८८०च्या दशकात पदवी परीक्षेत इलाख्यात आघाडी घेतली. अशा विद्यार्थ्याला इंग्लंडमध्ये शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळण्याचा प्रघात होता. त्या स्त्री आहेत म्हणून ती नाकारली गेली. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात पोहोचल्या. १८९२ साली त्यांनी तिथली कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी हातात यायला १९२२ उजाडले. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. वर्षभर पारखून घेण्याच्या बोलीवर त्यांना आत घेतले गेले. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. या दोघींच्या गुणपत्रिकेत खोट काढायला जागा नव्हती. खोट काढली गेली ती अटीत, आणि ती अट कुठल्या कागदावर छापलेलीही नसावी.

छापलेली अटही कधी कधी पेचात टाकते. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ची. २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले. २०१७ साली तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीच्या एका पदकाचे परिपत्रक गाजले. विद्यार्थी शाकाहारी आणि निर्व्यसनी असावा, असे त्यात होते. अट देणगीदारांची, असा खुलासा झाला, टीका वाढली आणि विद्यापीठाला माघार घ्यावी लागली. चर्चा सगळी मांसाहाराभोवती फिरली. ठेव स्वीकारताना अट कोण वाचतो, हा खरा प्रश्न तसाच बाजूला राहिला.

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आता गुणांपलीकडचेही गौरव आहेत. आयआयटींमध्ये सर्वाधिक सीजीपीएला राष्ट्रपती सुवर्णपदक असते, आणि अभ्यासासह इतर कामगिरी पाहून संचालकांचे पदक वेगळे दिले जाते. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा २००६ पासून होते. तिच्यात पदवीच्या मुलांचा गट स्वतंत्र असतो. संख्याशास्त्राच्या माणसाला हे पटते. एका उमेदवाराची परीक्षा दोन वेगळ्या मोजपट्ट्यांनी झाली, तर एका पट्टीची चूक दुसरीत सापडते.

या सगळ्या गौरवांची बाजारातली किंमत कळते ती पुण्याजवळच्या हिंजवडीत. एमआयडीसीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क होण्याआधी हे म्हातोबाच्या यात्रेचे आणि बगाडाचे गाव होते. यात्रा आजही चैत्रात भरते आणि त्या दिवशी आयटीवाले वाकडच्या पुलावर नेहमीपेक्षा जास्त वेळ अडकतात. राज्याच्या कानाकोपऱ्यातले ताजे पदवीधर इथे फाइल छातीशी धरून येतात. कंपन्यांची पहिली चाळणी ठरलेली : दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे साठ टक्के, मध्ये वर्ष वाया गेलेले नको, बॅकलॉग नको. ही चाळणी पूर्वी माणसे लावत, आता संगणक लावतो.

लेखिका २००६ साली हिंजवडीतल्या एका कंपनीत मुलाखतीला आली तेव्हा अर्जात पदकासाठी रकाना नव्हता. ‘इतर’ या शब्दापुढच्या दोन ओळींत तिने ते लिहिले, कथाकथन स्पर्धेतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शेजारी. मुलाखत घेणाऱ्याने नजर तिथपर्यंत नेली नाही. सी येते का, डेटाबेसमध्ये किती काम केले आहे, शिफ्ट चालेल का, इतकेच प्रश्न. नोकरी मिळाली. मिळाली ती पदकामुळे नव्हे, बारावीच्या ६०० पैकी ३६७ गुणांमुळे. साठ टक्क्यांना ३६० लागत होते. सात गुणांनी ती आत होती.

हा आकडा तिला पुन्हा आठवला तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसल्यावर, दहा-बारा वर्षांनी. मराठवाड्यातून आलेला एक मुलगा खाली सुरक्षा रक्षकाच्या टेबलाशी उभा होता. यादीत नाव नव्हते, तरी तो रात्रीच्या बसने आला होता. लाल डबीत विद्यापीठाचे सुवर्णपदक होते, भौतिकशास्त्रातले, आणि त्याला कोणतीही उपअट नव्हती. सर्व विद्यार्थ्यांत प्रथम. बारावीला ५७ टक्के. परीक्षेच्या महिन्यात कावीळ झाली होती. “मॅम, एकदा बघा तरी,” म्हणून त्याने डबी पुढे केली. लेखिकेने पदक हातात घेतले आणि नकळत ते उलटून मागचे नाव वाचले. बरोबर कोरलेले होते. वर जाऊन तिने भरती विभागाला मेल लिहिला, मुलाचा अर्ज पुन्हा पाहावा म्हणून. संध्याकाळी उत्तर आले : निकष सर्वांना समान आहे.

समान होताच तो. दक्षिणेचाही रमण्यातल्या सगळ्यांना समानच होता. निकष समान आहे म्हणून तो योग्य ठरत नाही, ही गोष्ट पदके देणाऱ्या विद्यापीठांना दीडशे वर्षांत थोडी थोडी कळत गेली. भरती विभागांची सुरुवात अजून व्हायची आहे. सतराव्या वर्षीची एक आजारी परीक्षा आणि नंतर तीन वर्षे सलग केलेला अभ्यास यांना एकच वजन देणारी मोजणी संख्याशास्त्राच्या कुठल्याही वर्गात नापास होईल.

पदक मिळवणाऱ्यांनी एक करावे. प्रमाणपत्राच्या प्रतीबरोबर पदकाची अटही अर्जाला जोडावी : किती विद्यार्थ्यांतून, कोणत्या विषयात, कोणत्या गटात पहिले. लेखिकेने स्वतःच्या माहितीत ‘सुवर्णपदक’ या शब्दापुढे आता ‘विद्यार्थिनींमधून प्रथम, एकूण तिसरी’ असे लिहिले आहे. आणि त्या कंपनीच्या ऑनलाइन अर्जात गेल्या वर्षीपासून ‘विद्यापीठ पदके व पुरस्कार’ असा स्वतंत्र रकाना आला आहे. तो दुसऱ्या पानावर आहे. गुण साठ टक्क्यांच्या खाली असतील तर पहिल्या पानावरून पुढे जाता येत नाही.