भरतीच्या वेळेला

७ जानेवारी, लालबाग
सकाळी शिवडीला गेले. भरती चढत होती, त्यामुळे रोहित पक्षी जेट्टीकडे सरकले. दुर्बिणीतून एकाचीच चोच न्याहाळत बसले. लहान रोहित या जातीची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. मोठा रोहित या जातीची गुलाबी, टोकाला तेवढी काळी. मान खाली घालून चोच उलटी धरायची आणि चिखलाचं पाणी गाळायचं, ही त्यांची खाण्याची रीत. पायाचा मागे वळलेला जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो तो खरं तर घोटा. गुडघा वर पिसांत, पोटाशी लपलेला. हे पक्कं ठाऊक असलं की चित्रात पाय आपोआप नीट उतरतो.

११ जानेवारी
परवानगी आली, म्हणून बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या) पक्षीसंग्रहात जाता आलं. खणातले रोहित उताणे, डोळ्यांच्या जागी कापूस, गुलाबी रंग विटलेला. पंखांची मापं मात्र अजून पक्की. मेल्यावर चोचीचा नि पायांचा रंग टिकत नाही. म्हणून जुने संग्राहक तो लगेच चिठ्ठीवर लिहून ठेवत. त्या चिठ्ठ्यांपुढे मी नतमस्तक आहे. माप इथून घ्यायचं, रंग शिवडीहून.

१४ जानेवारी
तिळगूळ द्यायला मावशी आली. "परळची चांगली नोकरी सोडलीस, आता भागतं का गं?" मी खरं ते सांगितलं: काही महिने भागतं, काही नाही. पण काम बदललंय असं मला वाटत नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसेल तेच नोंदवायचं, हीच शिस्त होती. आता तीच कुंचल्याने पाळते. ग्रिमेट-इन्स्किप यांच्या १९९८च्या पक्षीमार्गदर्शकात परदेशी चित्रकारांच्या बरोबरीने गोव्याच्या कार्ल डिसिल्वांची पानं आहेत. ती उघडली की बळ येतं.

२० जानेवारी
खालच्या कारखान्यात माघी गणपतीच्या डोळ्यांची आखणी चालली होती. मूर्तिकार काका ती शेवटी करतात. मी डोळा आधी रंगवते; पक्षी जिवंत वाटला तरच पुढची पिसं काढायला हात चालतो.

२३ जानेवारी
ज्या पुस्तकासाठी रोहितचं पान करतेय, त्याच्या प्रकाशकांचा फोन. त्यांना पानभर गुलाबी पक्षी हवेत. मी आग्रहाने सांगितलं, करड्या-तपकिरी पिल्लालाही जागा हवी. पिल्लू गुलाबी नसतं. तो रंग शेवाळ्यासारख्या खाण्यातून हळूहळू चढतो. शिवडीला आलेली मुलं तो करडा पक्षी पाहून "हा कुठला वेगळा?" असं विचारतात, त्यांच्यासाठीच तर हे पान आहे. शेवटी मान्य झालं. पिल्लू उजवीकडे खाली, आईबापांच्या पायांशी.