दोन गावं, तीन वलयं

स्टॉकहोम

ती. ताईस,


जिच्यासाठी आले ती आयनवलयांची यंत्रणा ‘डेझिरी’ आज पाहिली. अल्बानोव्हा विद्यापीठ केंद्राच्या इमारतीत एक मोठी पोलादी पेटी, भोवती पंपांचा आणि तारांचा गराडा. तिच्या आत ॲल्युमिनियमची दुसरी पेटी आणि त्या पेटीत शेजारीशेजारी दोन वलयं, प्रत्येकाचा परीघ सुमारे 8.7 मीटर. एकात धन आयन फिरतात, दुसऱ्यात ऋण. एका सरळ टप्प्यावर दोघांची वाट एक होते. तिथे वेग जुळवले की ते बरोबरीनं धावतात आणि टक्कर जवळजवळ शून्य ऊर्जेची होते. ऋण आयनाचा इलेक्ट्रॉन धन आयनाकडे गेला की दोघेही उदासीन! मग विद्युतक्षेत्राचं त्यांच्यावर काही चालत नाही. वळण न घेता ते सरळ डिटेक्टरवर जाऊन आदळतात.

आत तापमान सुमारे 13 केल्विन, म्हणजे उणे 260 अंश सेल्सिअस. या थंडीत उरलासुरला वायू भिंतींना चिकटतो, म्हणून आयन वाटेत कशावर न आपटता कितीतरी मिनिटं फिरत राहतात. तेवढ्या वेळात रेणू आपली उष्णता प्रारणातून सोडून देतात आणि ताऱ्यांमधल्या ढगांतल्या रेणूंसारखे निवतात. आरेखनाचा कस इथेच लागतो. इतकं थंड होताना ॲल्युमिनियम मीटरमागे सुमारे 4 मिलिमीटर आक्रसतं. तरी इलेक्ट्रोडांची मांडणी बिघडता कामा नये आणि विजेच्या तारांवाटे उष्णता आत शिरता कामा नये.

हायडेलबर्ग

ताई,

इथलं ‘सीएसआर’ हे आयनवलय मॅक्स प्लांक संस्थेत आहे, गावाच्या वर, जंगलाच्या उतारावर. परीघ 35 मीटर, तापमान 6 केल्विनच्या आसपास. हीलियम हायड्राइड हा विश्वातला पहिला रेणू मानतात. थंड केलेला हा रेणू इलेक्ट्रॉन भेटल्यावर समजत होते त्यापेक्षा फारच सावकाश तुटतो, हे 2019 मध्ये इथे कळलं. म्हणजे आरंभीच्या विश्वात तो जास्त टिकून असणार. एवढ्या एका मोजमापासाठीही हा सगळा खटाटोप सार्थकी लागला, असं मला मनापासून वाटतं.

या वलयांत आयन वळवायला चुंबक नाहीत. विद्युतक्षेत्रातलं वळण ऊर्जा आणि प्रभार यांवर ठरतं, वस्तुमानावर नाही. म्हणून हलका आयन असो की जड जैवरेणू, वलय तेच चालतं. डेन्मार्कमधल्या ऑरहूसच्या ‘एलिसा’नं 1990 च्या दशकातच हे दाखवून दिलं होतं.

बारावीला स्थिरविद्युत शिकवशील तेव्हा वळणाचं समीकरण फळ्यावर मांड, त्यात गतिज ऊर्जा घाल आणि वस्तुमान मुलांनाच काढून टाकायला लाव. मग या वलयांबद्दल त्यांना नक्की सांग.

तुझी,
मीरा