‘अ’ ते ‘भ’

“फाइल्स तुमच्याच लॅपटॉपवरून डिलीट झाल्यात, मॅडम.”

कस्टमर केअरचा तो मुलगा हे इतक्या शांतपणे म्हणाला की उलट मीच त्याला ‘सॉरी’ म्हटलं. संताप फोन ठेवल्यावर आला. तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर अजून उतरत नाही.

मी शेती-पाण्यावरची पुस्तकं आणि अहवाल अनुवादित करते, अठरा वर्षं झाली. तेवढ्या वर्षांच्या फाइली एका फोल्डरमध्ये होत्या आणि तो फोल्डर क्लाउडला जोडलेला होता. शिवाय फाइलींच्या पोटातला मजकूर वाचून शोध घेणारा एक इंडेक्सिंग प्रोग्रॅम भाच्याने टाकून दिला होता. ‘पोटचारी’ टाइप केलं की तो शब्द कुठल्या कुठल्या अहवालात आलाय ते समोर. सोय छानच होती.

भांडण सुरू झालं जागेवरून. माझ्या लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीची, कायम भरलेली. म्हणून जुन्या फाइली मी ‘फक्त ऑनलाइन’ करून टाकल्या. म्हणजे नाव लॅपटॉपवर दिसतं, शेजारी ढगाचं चिन्ह येतं आणि मजकूर तिकडे राहतो. रात्री डिस्क निम्मी रिकामी करून झोपायचं आणि सकाळी उठून बघावं तर लाल पट्टी परत हजर. असं आठ दिवस चाललं. नंतर कळलं ते असं : इंडेक्सवाल्याला मजकूर वाचायचा तर फाइल उघडावी लागते. ढगातली फाइल उघडली की सिंकवाला ती इमानेइतबारे खाली उतरवतो. मी पाणी उपसतेय आणि मागून कुणीतरी विहिरीत पाट सोडतंय, असा प्रकार. दोघंही आपापलं काम चोख करत होते. मधल्या मधे मरत होते मी.

नवव्या दिवशी वैतागून इंडेक्सिंगचा प्रोग्रॅम बंद केला आणि लॅपटॉपवरचा फोल्डर सरळ उडवला. तिकडे आहेच की! एक चौकट समोर आली होती, हेही कबूल करते. वाचली नाही. दिवसाला अशा पंधरा चौकटी येतात, कुणी किती वाचायच्या?

सिंक म्हणजे प्रत नव्हे, आरसा आहे. इकडून माणूस उठला की तिकडचाही उठतो. पण जाहिरातीत ‘तुमच्या फाइली सुरक्षित’ असंच लिहितात ना? एवढी महत्त्वाची गोष्ट मोठ्या अक्षरांत सांगायला काय जातं यांचं? तिकडच्या कचरापेटीत फाइली तीस दिवस राहतात. मी एका मोठ्या अहवालात बुडाले होते, शोधाशोध केली ती एकेचाळिसाव्या दिवशी.

झालेली कामं बरीचशी मेलमधून परत मिळाली. गेला तो माझा शब्दकोश. औत, कुळव, चारी, तिफण, पाभर अशा शब्दांची ती एकच लांबलचक फाइल. ती कधी कुणाला पाठवलीच नव्हती. एकट्या ‘वापसा’ या शब्दावर त्यात अर्धं पान होतं. पावसानंतर जमिनीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असतात, पेरणीला, मशागतीला जमीन तयार असते, ती अवस्था. इंग्रजीत याला एका शब्दात काय म्हणणार? शिरूरकडच्या एका शेतकऱ्याने मूठभर माती दाबून दाखवली होती, ती सगळी खूण मी लिहून ठेवली होती.

रात्री सहज, म्हणजे हताश होऊन, तो बंद ठेवलेला इंडेक्सिंगचा प्रोग्रॅम उघडला आणि ‘तिफण’ टाइप केलं. फाइल आली! नाव, तारीख, खाली मजकूरसुद्धा. मूळ फाइल कुठेच नव्हती, पण याने वाचताना करून ठेवलेली नक्कल याच्या वहीत तशीच होती. फोल्डर उडवण्याआधी मी त्याला बंद केलं होतं, म्हणून फाइल गेल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

आता पोचायला लागली. खालच्या कोपऱ्यात ‘इंडेक्स अपडेट होत आहे’ असं आलं आणि यादीतल्या फाइली डोळ्यांदेखत गळायला लागल्या. तीनशे, दोनशे ऐंशी, अडीचशे. भाच्याला फोन लावला. तो ओरडला, “मावशी, मजकूर कॉपी कर आणि आधी ते बंद कर!” हात थरथरत होते. कोशाचा मजकूर उचलून नव्या फाइलमध्ये टाकला आणि प्रोग्रॅम बंद केला.

त्यात निम्म्या नोंदी अगम्य होत्या. सुरुवातीची वर्षं मी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करायचे. पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत सगळी रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्या नोंदी शोधात कधीच सापडायच्या नाहीत, त्यावरून मी या प्रोग्रॅमला किती शिव्या घातल्यात! फाँट बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्यावर तेच गबाळ स्वच्छ मराठी होऊन बाहेर आलं.

जाणकार सांगतात, तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. ठेवा बाबांनो. आणि इंडेक्सचा स्वतःचा डेटाबेस सिंकच्या फोल्डरात ठेवू नका, बिघडतो. क्लाउड मात्र मी सोडलेला नाही. त्याच कंपनीला यंदाही पैसे भरले. एवढ्या शिव्या देऊन का भरले ते विचारू नका.

फाइल मोठी असेल तर तो प्रोग्रॅम सुरुवातीचा ठरावीक मजकूरच साठवतो. त्यामुळे माझा कोश सध्या ‘अ’पासून ‘भ’पर्यंत आहे. मोट, रहाट, वरंबा, सरी, सांडवा पुन्हा हाताने भरून झाले. ‘वापसा’ राहिलाय. त्यासाठी शिरूरला जायचंय.