तेरा न्हाणीघरांचा गाव

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चेरीचा बहर, फुजी पर्वत आणि वाऱ्याशी स्पर्धा करणाऱ्या आगगाड्या उभ्या राहतात. परंतु त्या देशाच्या पोटात अग्नी आहे आणि हिवाळ्यात त्याच्या डोंगरांवर हिमाची जाड दुलई असते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अग्नी आणि हिम ही दोन्ही जेथे शेजारी शेजारी नांदतात, अशा नोझावा ओनसेन या गावी २०१८ च्या जानेवारीत चार दिवस राहण्याचा योग मला आला.

टोकियोत नोकरीनिमित्त राहणारी माझी मुलगी आणि तिचा बारा वर्षांचा मुलगा माझ्याबरोबर होते. जलद गाडीने आम्ही दोन तासांच्या आत नागानो प्रांतातील इइयामा स्थानकावर उतरलो आणि तेथून बसने अर्ध्या तासात गावात पोहोचलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बर्फाच्या पुरुषभर उंच भिंती होत्या. इतके हिम येथेच का पडते, हे आपल्याकडील मुलांना चटकन उमगेल. सैबेरियातून निघालेला थंडगार कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प पिऊन घेतो आणि डोंगरांना अडला की ते हिमरूपाने सांडून टाकतो. आपला मोसमी वारा सह्याद्रीला अडून पाऊस देतो, त्यातलाच हा प्रकार.

या हिमावर पायांना लांब, अरुंद फळ्या बांधून घसरत जाण्याच्या खेळाला स्की म्हणतात. हा खेळ १९११ साली लेर्ख नावाच्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने ताकादा येथील जपानी सैनिकांना शिकवला. नोझावाच्या गावकऱ्यांनी १९२३ मध्येच आपला स्की-संघ स्थापन केला, आणि १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिकमधील एका खेळाच्या शर्यती याच गावी झाल्या. माझा नातू दिवसभर उतारावर पडत होता, उठत होता आणि पुन्हा पडत होता. माझे वय त्या खेळाचे नव्हते. मी आपला गाव पाहत हिंडलो.

आमचा मुक्काम एका जुन्या पद्धतीच्या पांथशाळेत होता. तिला तेथे ‘र्योकान’ म्हणतात. दारातच पादत्राणे उतरवायची आणि घरातील सपाता घालायच्या. खोलीत गवती चटयांची जमीन लागली की सपाताही बाहेर ठेवायच्या. खोलीत खाट नाही की कपाट नाही. एक बुटके मेज, त्यावर रजई पसरलेली आणि रजईच्या आत शेगडीची ऊब. त्या रजईत पाय घालून बसावे आणि खिडकीतून बर्फ पडताना पाहावे, यासारखे दुसरे सुख नाही. रात्री जेवण आटोपून यावे, तो मेज कडेला सरकवून जमिनीवर गाद्या घातलेल्या असत. आम्ही मांस-मासळी खात नाही, हे मुलीने आधीच कळवले होते. जपानी स्वयंपाकात माशाचा अर्क जवळजवळ सर्वत्र असतो. परंतु मालकीणबाईंनी आमच्यापुरता समुद्रातील वनस्पती आणि वाळवलेल्या अळंब्या यांचा रस्सा वेगळा रांधला. बरोबर गावाच्याच नावाने प्रसिद्ध असलेल्या नोझावाना या पालेभाजीचे लोणचे होते.

आता स्नानाविषयी. ‘ओनसेन’ म्हणजे उन्हाळे, भूगर्भातून वर येणारे ऊन पाणी. जपानात यासाठी १९४८ साली झालेला स्वतंत्र कायदाच आहे. आपल्याकडेही राजापूरजवळ, तुरळला, वज्रेश्वरी-गणेशपुरीला असे झरे आहेत. नोझावात ओगामा नावाचे एक कुंड आहे. त्यातील पाणी सुमारे ९० अंश तापलेले असते. परक्यांना त्याच्या जवळ जाऊ देत नाहीत. गावातील गृहिणी मात्र तेथे भाज्या आणि अंडी उकडून नेतात. रस्त्याकडेच्या पन्हळांतूनही ऊन पाणी खळखळत असते आणि बर्फातून वाफेचे लोट निघत असतात.

याच पाण्यावर गावात तेरा सार्वजनिक न्हाणीघरे चालतात. ती लाकडी असून त्यांत स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी वेगळे भाग आहेत. दारावर पहारेकरी नाही आणि आत जाण्यास शुल्कही नाही. स्वखुशीने काही टाकण्यासाठी एक पेटी तेवढी असते. या न्हाणीघरांची राखण वैद्यराज बुद्ध आणि त्याचे बारा सेनानी करतात, अशी तेथील श्रद्धा आहे. संस्कृत ग्रंथांतील ‘भैषज्यगुरू’ तो हाच. इतक्या दूर, बर्फातल्या एका खेड्यात आपल्याकडून गेलेला देव भेटावा, याचे मला मोठे अप्रूप वाटले.

स्नानाचा नियम साधा पण कडक आहे. अंगावर एकही वस्त्र न ठेवता कुंडात उतरायचे; मात्र तत्पूर्वी काठावर बसून, बादलीने पाणी घेऊन, अंग स्वच्छ धुवायचे. साबणाचा थेंब कुंडात पडता कामा नये. हातातील पंचासुद्धा पाण्यात बुडवायचा नाही. पहिल्या दिवशी मला संकोच वाटला. पण कोणी कोणाकडे पाहतच नव्हते. कोण दुकानदार, कोण शेतकरी आणि कोण पाहुणा, हे त्या वाफेत ओळखू येत नव्हते. पाणी इतके कढत होते की नातवाने थंड पाण्याच्या तोटीकडे पाहिले. आत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. नातवाने आधी त्यांच्याकडे पाहून खुणेने अनुज्ञा विचारली. ते हसले, स्वतः उठून त्यांनी तोटी थोडी सोडली आणि त्या कोपऱ्यात त्याला जागा करून दिली. पाणी सर्वांचे असल्यामुळे ते कोणी एकट्याने आपल्या सोयीने निववायचे नसते.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही जवळच्या न्हाणीघराकडे गेलो, तो दार बंद. आत खसखस घासण्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने दार उघडून एक बाई आणि साधारण नातवाच्याच वयाचा एक मुलगा बाहेर आला. दोघांच्या हातांत कुंचे होते आणि मुलाच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या होत्या. माझ्या मुलीने जपानीत विचारले, “आपण येथे कामाला आहात का?” बाई म्हणाल्या, “नाही, आज आमच्या घराची पाळी आहे.”

पुढे पांथशाळेत सविस्तर कळले. प्रत्येक न्हाणीघराभोवतीच्या घरांचा एक संघ असतो. त्याला ‘यु-नाकामा’, म्हणजे पाण्याचे सोबती, असे सुंदर नाव आहे. हे सोबती पाळीपाळीने कुंड उपसतात, फरशी घासतात आणि दिव्याचा खर्चही आपसांत वाटून घेतात. कित्येक पिढ्या हा परिपाठ चालू आहे. आमच्यासारखा परका चार दिवस फुकट न्हाऊन जातो, त्यामागे कोणा मुलाचे पहाटे गारठलेले हात असतात.

त्या दिवशी मला आमच्या गावची विहीर आठवली. माझ्या लहानपणी दर वैशाखात घरटी एक माणूस येऊन तिचा गाळ काढी. पोरेसोरेही घमेली पोहोचवीत. पुढे घरोघर नळ आले आणि ती चाल मोडली. विहीर सर्वांची होती. हळूहळू ती कोणाचीच उरली नाही. त्यात कचरा पडू लागला. नळाला पाणी न येण्याचे दिवस आले, की गाव टँकरची वाट पाही. विहिरीकडे मात्र कोणी वळेना.

घरी परतल्यावर मी ही हकीकत गावात चारचौघांत सांगितली. काहींनी कौतुकाने ऐकली, काहींनी “ते जपान आहे, गुरुजी” म्हणून हसण्यावारी नेली. त्या वैशाखात विहिरीवर आम्ही सात जण जमलो. त्यांतील तिघे माझे जुने विद्यार्थी. दोन दिवस खपूनही निम्माच गाळ निघाला. पुढच्या वर्षी अकरा जण आले. त्यांत एक सहावीतला मुलगा होता. मी त्याला विचारले, “तुला कोणी पाठवले रे?” घमेले खाली न ठेवताच तो म्हणाला, “आज आमच्या घराची पाळी आहे.”