गडचिरोलीची रुंदी

आजचा दिवस सी भाषेत स्वतःचे प्रिंटएफ, म्हणजे छपाईचे फंक्शन, लिहिण्यात गेला. २०११ च्या जनगणनेचा तक्ता छापायचा होता: चंद्रपूर २२,०४,३०७ आणि गडचिरोली १०,७२,९४२. तयार प्रिंटएफ साध्या %d ला १०७२९४२ असा सलग आकडा देते. आपल्याला शेवटचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम हवा. म्हणून दहाने भागत, बाकी घेत, बफर मागून पुढे भरत गेलो. हे लवकर जमले.

खरी मजा नावांत आहे. %20s मधले वीस म्हणजे वीस बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त ही वेगळी चिन्हे. ‘चंद्रपूर’ आणि ‘गडचिरोली’ दोन्ही आठ चिन्हांची, चोवीस बाइटांची. वाचताना मात्र एकात चार अक्षरे, दुसऱ्यात पाच. वीसची जागा दोघांनीही ओलांडली, त्यामुळे भरायला एकही रिकामी जागा उरत नाही आणि रकाने वाकडे होतात. माझे फंक्शन आता मात्रा मोजत नाही आणि हलन्तानंतरचे व्यंजन मागच्याच अक्षरात धरते. आपल्या जिल्ह्याचे नाव सरळ रेषेत छापले जावे, एवढा हट्ट मला रास्त वाटतो.

फंक्शनला दिलेली मूल्ये एकेक उचलणाऱ्या व्हीए_आर्गला समोर काय आले ते कळत नाही. प्रकार फॉरमॅटच सांगतो. मग देवनागरी अंकांसाठी %ड का नको? शून्याचे तीन बाइट २२४, १६५, १६६. शेवटच्यात अंक मिळवला की झाले.